भिंतीवर टांगलेली जागा

चित्रकलेच्या वर्गात गुनवोर बाईंनी पहिले सहा आठवडे आम्हाला एकही वस्तू काढू दिली नाही. नुसते चौकोन. एका ओळीत नऊ चौकोन आखायचे. पहिला कोरा ठेवायचा, नववा पेन्सिलीला जमेल तितका काळा करायचा, आणि मधले सात असे भरायचे की एकावरून दुसऱ्यावर जाताना नजर अडखळू नये. तीस वर्षं बेटावरचं टपाल सांभाळलेली पेट्रा पहिल्याच शनिवारी म्हणाली, "बाई, एवढ्या वेळात माझे अख्ख्या गावाच्या पाकिटांवर शिक्के मारून झाले असते."

"तुमचा शिक्का एकाच काळ्या रंगाचा असतो ना?" बाई म्हणाल्या. "इथे नऊ लागतात."

वर्ग शनिवारी अकरा ते एक भरायचा, गावच्या सभागृहात. आमच्याकडे हिवाळ्यात उजेड असतो तो तेवढाच. खिडकीतून येईल त्याच उजेडात काढायचं, दिवा लावायचा नाही, असा बाईंचा नियम होता. आम्ही सगळे मिळून पाच जण. त्यात समुद्रावर आयुष्य गेलेला मी एकटाच.

मी गेलो तो गुडघ्यामुळे. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याने बोटीत उभं राहायला नकार दिला, आणि माझ्या हाताला काम उरलं नाही. मग मी दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून ओड्नीची बोट येताना-जाताना बघत बसायचो. ओड्नी माझ्या थोरल्या भावाची, आग्नारची मुलगी. बापाच्या मागे त्याची बोट ती एकटी चालवते. शेवटी तीच कंटाळली. म्हणाली, "काका, तुझी नजर मला तिकडे समुद्रावरसुद्धा पाठीत टोचते. जा, काहीतरी शिकून ये. ती नवी मास्तरीण चित्रकलेचा वर्ग काढतेय."

"या वयात?"

"अक्षरं कोणत्या वयात शिकलास?"

लहानपणी माझ्यापुढे अक्षरं पाण्यातल्या माशांच्या पिल्लांसारखी पळायची, आणि शाळेने माझा नाद सोडला होता. पुढे त्रेपन्नाव्या वर्षी मला वाचायला शिकवलं ते ओड्नीनेच. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि फार कडक होती.

माझा हात जड. पहिल्या महिन्यात माझा तिसरा चौकोन आणि सहावा चौकोन जुळे भाऊ दिसायचे. बाई माझ्या मागे उभ्या राहून म्हणायच्या, "हिल्मारकाका, दोर ओढताय का? पेन्सिल कागदावर नुसती टेकवा. कागद जरा खरबरीत असतो, त्याची टोकं तेवढी रंगू द्या. मग त्यावर दुसरा हात, मग तिसरा. एकाच दमात काळं करायला जाऊ नका." बोटाने चोळायची बंदी होती. पेट्रा हळूच चोळायची आणि पकडली जायची, कारण तिच्या नाकावर डाग असायचा.

मग अंडं आलं. पांढऱ्या कापडावर पांढरं अंडं. मी कडेने एक रेघ मारून मोकळा झालो. बाईंनी विचारलं, "ही रेघ कुठे दिसली तुम्हाला?"

"अंड्याला कड असते."

"तुम्हाला माहीत आहे म्हणून ती तुम्ही काढलीत. डोळे बारीक करा आणि बघा. डाव्या बाजूला अंडं कुठे संपतं आणि कापड कुठे सुरू होतं?"

मी डोळे बारीक केले. डाव्या बाजूला अंडं संपतच नव्हतं. ते कापडात विरघळलं होतं. दोन्हीकडे तोच दुसरा चौकोन. मी बराच वेळ बघत राहिलो आणि मला वाटलं, हे मी आधी कुठेतरी पाहिलंय.

घरी जाताना आठवलं. समुद्रावर जमिनीकडे बघताना हेच असतं. जवळचं बेट काळं, त्यामागचा किनारा त्याहून निवळलेला, त्यामागचे डोंगर आणखी फिके, आणि अगदी शेवटचा सुळका इतका पातळ की क्षणभर आकाशच वाटावा. किती फिका दिसतो यावरून आम्ही किती लांब आलो ते ओळखायचो. चाळीस वर्षं मी ते नऊ चौकोन वापरत होतो आणि त्यांना कुणी चौकोन म्हणतं हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर हात सुटला. फेब्रुवारीत बाई म्हणाल्या, आता प्रत्येकाने मनाने एक देखावा काढा. पेट्राने टपालघराचा दरवाजा काढला. मी पूर्वेकडचा देखावा काढला. समोर कुबेन बेट, सातव्या चौकोनाचं. त्याला मधोमध एक खाच आहे. खाचेच्या मागे मुख्य जमिनीची कडा, पाचवा चौकोन. आणि खाचेच्या बरोबर मधून वर आलेला वेतेनचा सुळका, दुसरा चौकोन, एका बाजूला जेमतेम तिसरा. तीन शनिवार त्यात गेले. वेतेनसाठी मी कडक पेन्सिल इतकी हलकी धरली की ती बोटांतून घसरायची.

बाई चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "कुठून दिसतं हे?"

"समुद्रातून."

बाई त्रोन्धाइम शहरातल्या. त्यांना एवढं उत्तर पुरलं. त्या म्हणाल्या, "याला जोडीदार हवा. तिथूनच दुसऱ्या बाजूला काय दिसतं? तेही काढा. दोन्ही शेजारी लावू. बूदो शहरातल्या प्रदर्शनालाही पाठवता येतील."

मी दक्षिणेकडचंही काढलं. लांगा नावाचा लांबट खडक, त्यावर जुन्या लोकांनी रचलेली दगडांची रास, आणि तिच्या बरोबर मागे हिल्ला डोंगराचा खांदा. ते पहिल्यापेक्षाही चांगलं झालं. मला वेळेला जेवायची आठवण राहत नव्हती. दगडांची रास आठव्या चौकोनाची आणि खांदा चौथ्याचा, त्या दोघांमध्ये हवा आहे असं वाटायला लावायचं होतं. ते जमलं त्या दिवशी मी एकटाच हसलो.

आता इथे मला आग्नारच्या जागेबद्दल सांगितलं पाहिजे, कारण त्या दोन महिन्यांत मला तिची आठवणही झाली नाही.

आमच्याकडे प्रत्येक घराची एखादी जागा असते. पाण्यावर तिची काही खूण नसते, सगळं खाली असतं. आग्नारची जागा म्हणजे खोल पाण्यातला एक कट्टा, चर्चच्या आवाराहून मोठा नसेल, आणि त्यावर हॅलिबट मासे येतात, दारासारखे चपटे आणि कधी कधी दाराएवढे. अशी जागा सापडते जमिनीवरच्या खुणांनी. एक खूण दुसरीच्या मागे आली की एक रेघ मिळते. त्या रेघेवर तुम्ही कुठेही असू शकता. दुसऱ्या बाजूला तशीच आणखी एक जोडी जुळली की दोन रेघा एकमेकींना छेदतात, आणि तिथे दोर सोडायचा. या खुणा कुणाला सांगत नाहीत, कागदावर उतरवत नाहीत. आग्नार बूदोच्या इस्पितळात शेवटच्या आजारात होता तेव्हा त्याने त्या ओड्नीच्या कानात सांगितल्या. त्याआधी त्याने नर्सला बाहेर घालवलं आणि मलाही. मी तीस वर्षं त्याच्याबरोबर त्या जागेवर दोर ओढले होते, तरी.

ओड्नीची बोट लहान आहे. मोठ्या बोटींबरोबर ती लांब जाऊ शकत नाही. ती या बेटावर टिकून आहे ती त्या कट्ट्यामुळे. लोकांना हे माहीत आहे. कट्टा कुठे आहे हे माहीत नाही.

प्रदर्शन मार्चच्या शेवटच्या रविवारी होतं, चर्चनंतर. शुक्रवारी आम्ही चित्रं टांगायला जमलो. पूर्वेचं चित्र बाईंनी आधीच भिंतीवर लावलं होतं. दक्षिणेचं माझ्या काखेत होतं, खाकी कागदात गुंडाळलेलं. सभागृहाच्या किल्ल्या आणि शेगडीचं काम नॉर्मनकडे असतं. नॉर्मन माझ्याच वयाचा, पण त्याचे गुडघे अजून शाबूत आहेत आणि मोठी बोट आहे. तो लाकडं घेऊन आत आला आणि माझ्या चित्रापुढे थांबला. लाकडं त्याच्या हातातच राहिली.

"हे वेतेन ना?"

"वेतेनच."

"कुबेनच्या खाचेत बरोबर मधोमध."

"दिसतं तसं कधी कधी."

"दिसतं ना." तो जवळ गेला. "हिल्मार, पूर्वी तू नावेच्या फळीवर डोंगर काढायचास ते कुंपणाच्या खांबांसारखे असायचे. सगळे एकाच अंतरावर. आता बघ. आता तू खरं काढायला लागलास. इतका फिका वेतेन मला कुबेनच्या आसपास कधीच दिसत नाही. बराच बाहेर जावं लागतं. तीन मैल? साडेतीन?"



नॉर्मनने लाकडं खाली ठेवली आणि दारावर लावलेली यादी वाचू लागला. बाईंनी ती टाइप केली होती. "'पूर्वेकडे.' आणि खाली 'दक्षिणेकडे.' दोन आहेत म्हणजे. दुसरं कुठाय? एका पायावर स्टूल उभं राहत नाही रे."

त्या क्षणी मला कळलं मी काय केलंय. बाकीच्यांनी आपापलं रोजचं पाहिलेलं काढलं होतं. मीही तेच केलं होतं. डोळे मिटले की मी कुठे उभा असतो याचा मी विचारच केला नव्हता. मी आग्नारच्या जागेवर उभा होतो. पूर्वेकडे वळून एक रेघ काढली, दक्षिणेकडे वळून दुसरी, आणि दोन्ही भिंतीवर टांगायला घेऊन आलो.

"अजून पुरं झालेलं नाही," मी म्हणालो.

"झालंय की!" बाई शिडीवरून म्हणाल्या. "मी स्वतः पाहिलंय. त्या राशीसारखी सावली या वर्गात कुणालाच जमलेली नाही."

"नाही झालं, बाई."

"हिल्मारकाका, ते तुमच्या काखेतच आहे."

"असू दे. थोडं राहिलंय."

नॉर्मन शेगडीपाशी वाकला होता. त्याने वळून पाहिलंही नाही. "घाई नको करू," तो म्हणाला. "रविवारी बघू. मी सगळ्यात आधी येतो."

मी तडक धक्क्यावरच्या ओड्नीच्या शेडमध्ये गेलो. ती गळांना आमिष लावत बसली होती, हात कोपरापर्यंत गार. मी दार लावून घेतलं आणि जे झालं ते सांगितलं. मी गुंडाळी सोडून दक्षिणेचं चित्र पेटीवर टेकवलं. तिने हात पुसले, चित्र पाहिलं, आणि तिच्या मानेवर लाल चट्टे उठले.

"बाबांनी मरताना नर्सला बाहेर काढलं होतं," ती म्हणाली. "आणि तू यादीत नावं घालून मोकळा झालास?"

"माझ्या लक्षात आलं नाही."

"लक्षात आलं नाही! तीस वर्षं तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस, दारू प्यायल्यावरही नाही, आणि आता पेन्सिल हातात मिळाली म्हणून..." ती थांबली. पुन्हा चित्राकडे बघू लागली. "हिल्लाचा खांदा जास्त काळा केलायस."

"नाही केलेला. ऑक्टोबरात तसाच असतो."

"मार्चमध्ये याच्या अर्धा पण नसतो. मी परवा पाहिलाय."

"मी ऑक्टोबरचा काढलाय."

"मग आभाळ मार्चचं का आहे?"

मग ती हसली, पण राग गेला नव्हता. "पहिलं उतरवून आण," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःच मान हलवली. "नको. आता उतरवलंस तर त्याला खात्री पटेल. राहू दे तिथे. आणि दुसरं लावलं नाहीस तरी खात्री पटेल. यादीत आहे ना ते."

"दुसरं काढतो. जरा बदलून."

"डोंगर डावीकडे सरकव थोडा."

"नॉर्मन ओळखेल. हिल्ला आणि लांगा अशी कुठूनच दिसत नाहीत हे त्याला एका नजरेत कळेल. मग तो विचार करेल की मी खोटं का काढलं. आणि..." पुढचं बोलायला मला लाज वाटत होती.

"आणि काय?"

"मला खोटं काढता येणार नाही, ओड्नी. आत्ता कुठे खरं यायला लागलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. अकरा वर्षांची असताना मी एखादं अक्षर चुकलो की ती असंच बघायची. "मग तू असं कर," ती म्हणाली, "खरं काढ आणि काही दिसू देऊ नकोस. जमतं का ते तुझ्या बाईंच्या शाळेत?"

ती टोमणा मारत होती. पण मी घरी जाईपर्यंत तेच घोकत गेलो.

धुकं. त्या जागेवर वर्षातले किती दिवस आम्हाला काहीच दिसायचं नाही! आग्नार इंजीन बंद करायचा, आम्ही बसून राहायचो, कॉफी थंड व्हायची. लांगा असायची, हिल्ला असायचा, दोघंही आपापल्या जागी, आणि आम्हाला त्यातलं काही दिसत नसायचं. ते चित्र खोटं ठरलं नसतं.

शनिवारी उजाडताच मी टेबलाशी बसलो. जुनं चित्र समोर उभं केलं, कारण सगळं जिथल्या तिथे हवं होतं. कुठे काय आहे हे माहीत असल्याशिवाय ते लपवता येत नाही. अख्खं चित्र पहिल्या आणि तिसऱ्या चौकोनाच्या मध्ये बसवायचं होतं. नऊपैकी सहा चौकोन मी बाजूला ठेवले. जड हाताच्या माणसाने करायचं हे काम नव्हे. दोन कागद वाया गेले. पहिल्यावर लांगाची कड उमटली; मला ती माहीत होती म्हणून हाताने आपोआप काढली. दुसऱ्यावर धुकं भिंतीसारखं झालं, त्याला खोली नव्हती. तिसऱ्यावर मी पेन्सिल टोकाऐवजी आडवी धरली आणि श्वास सोडताना हात फिरवला, घेताना थांबवला. खालच्या बाजूला पाणी, त्यावर लाटेची एक संथ चढण, जेमतेम तिसरा चौकोन. वर जाताना काही नाही. जिथे रास असायला हवी तिथे कागद किंचित, अगदी किंचित दाट. डोळे बारीक केले तर तिथे काहीतरी आहे असं वाटावं आणि उघडले तर नाहीसं व्हावं.

संध्याकाळी सहाला उजेड उतरू लागला तेव्हा मी पेन्सिल ठेवली. मग जुनं चित्र उचललं आणि शेगडीत घातलं.

कागद चटकन पेटला, आकसला, काळा झाला. पण पेन्सिल जळली नाही. काळ्या राखेच्या पापुद्र्यावर सगळं चित्र चांदीसारखं चकाकत उभं राहिलं. लांगा, रास, हिल्लाचा खांदा, जिथल्या तिथे. माझं इतकं चांगलं चित्र मी स्वतःही तोपर्यंत पाहिलं नव्हतं. मी बघत उभा राहिलो, मग सळई घेऊन त्याचा चुरा केला.

रविवारी लोक चर्चमधून थेट आले. वॉफल आणि कॉफी पेट्राने मांडली होती. माझ्या धुक्यापुढे लोक थांबायचे, एकमेकांकडे बघायचे. दुकानदार म्हणाला, "हिल्मार, शिसं संपलं होतं का? माझ्याकडे डझनभर पेन्सिली पडून आहेत." बायका हसल्या. मीही हसलो.

गुनवोर बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं. "ते दुसरं कुठे आहे?"

"जाळलं."

त्यांचा चेहरा असा झाला की मला मान खाली घालावी लागली. त्यांनी ते बूदोला पाठवायचं पत्रही लिहून ठेवलं होतं. "का?"

"मला आवडेनासं झालं."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, हिल्मारकाका."

"नाही येत, बाई. म्हणूनच."

त्यांना काही कळलं नाही, आणि कळवणं माझ्या हातात नव्हतं. पण त्या धुक्यापुढे परत गेल्या आणि डोळे बारीक करून उभ्या राहिल्या. मग मागे सरकल्या, पुन्हा पुढे आल्या. परत आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "हे मी तुम्हाला शिकवलेलं नाही." त्यांचं दुःख मात्र गेलं नव्हतं. त्यानंतर बरेच शनिवार त्या माझ्याशी जपून बोलत होत्या.

नॉर्मन सगळ्यांच्या शेवटी आला, सगळ्यात आधी येतो म्हणाला होता तरी. त्याने आधी पूर्वेचं चित्र पाहिलं, मग दुसरं. नाक कागदाला लागेल इतका जवळ गेला.

"यात काही दिसत नाही."

"धुकं आहे."

"ते मला कळतंय. पन्नास वर्षं खातोय." तो डोकं एका बाजूला कलवून पाहत होता. ओड्नी पलीकडे कॉफीच्या टेबलाशी उभी होती, हातातल्या कपात साखर घालत होती, ती साखर घेत नाही तरी. नॉर्मनने एक डोळा मिटला. मग दुसरा. मग तो माझ्याकडे वळला आणि मोठ्याने हसला. "तुम्ही दोघं भाऊ! आग्नार असता तर रिकामी चौकट टांगली असती. तू निदान मेहनत घेतलीस."

"कॉफी घे," मी म्हणालो.

"घेतो. एक पाय तर मिळाला. समुद्र काही पळून जात नाही."

आणि सोमवारी सकाळी त्याची बोट कुबेनच्या बाहेर गेली.

एप्रिलभर तो त्या रेघेवर हिंडला. वेतेन खाचेत धरायचा आणि बाहेर-बाहेर जायचा, थोड्या थोड्या अंतरावर दोर टाकत. माझा फिका सुळका त्याला वाट दाखवत होता. तो त्या रेघेवर असेपर्यंत ओड्नीला जागेवर जाता येत नव्हतं. ती कुठे थांबते हे त्याला दिसलं असतं तर संपलंच असतं. ती बेटाच्या आतल्या बाजूला कॉड मासे धरत राहिली, लहान कॉड, आणि तेही सगळ्यांनी धरून उरलेले. हॅलिबटचे चांगले आठवडे एकेक करून निघून गेले. ती घरी यायची. वर्गाचं विचारायची, "आता काय काढताय?" मी म्हणायचो, "बटाटे." आम्ही खरंच बटाटे काढत होतो. पण ते माझ्या हातून चांगले होत नव्हते.

मेच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी ती बूट न काढता स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीत बसली.

"वरून गेला," ती म्हणाली.

"कोण?"

"नॉर्मन. मी लांगाच्या आड नांगर टाकून बसले होते. तो रेघेवरून येत होता, हळूहळू, आणि थेट कट्ट्यावरून गेला, काका. खांदा राशीच्या बरोबर मागे आला असणार त्याच्या. मी श्वास धरून होते."

"आणि?"

"त्याचं तोंड पलीकडे होतं. वेतेनकडे बघत होता. खाचेतून सुळका हलू नये म्हणून सारखा वेतेनकडेच बघत होता. दक्षिणेकडे मान वळवलीच नाही. मग थर्मास काढला, कॉफी ओतली, आणि पुढे गेला."

ती हसायला लागली. मीही. हसता हसता तिने टेबलावर डोकं टेकवलं, आणि ती किती थकलीय ते मला दिसलं.

चार दिवसांनी नॉर्मनने नाद सोडला. कोळमासा उत्तरेकडे आल्याची बातमी होती, आणि मोठी बोट असलेला माणूस अशा बातमीकडे पाठ फिरवत नाही. पण तो निघाला तो दुपारी. त्या दिवशी पहाटे त्याची बोट अजून धक्क्यालाच होती, तेव्हा ओड्नी आपली बोट घेऊन बाहेर पडली. तो डिझेल भरत होता. त्याने तिला हात केला, तिनेही केला.

ती दहाच्या सुमारास परतली. बोट माशांच्या वजनाने नेहमीपेक्षा पाण्यात खाली बसली होती, मागची बाजू जास्त. मी खिडकीतून पाहिलं आणि काठी घेऊन उठलो, पण दारापर्यंत जाऊन थांबलो. धक्क्यावर नॉर्मन अजून उभा होता, आणि माझा चेहरा त्या वेळी त्याला दिसायला नको होता.